ड्राय ह्यूमर, कोरडा जिल्हा

आयटीतल्या जवळजवळ प्रत्येक कॅन्टीनमध्ये एक टेबल असं असतं, जिथल्या मंडळींना 'ब्रिटिश ह्यूमर' कळतो. नुसता कळून भागत नाही, तो आपल्याला कळतो हे शेजारच्या टेबलालाही कळावं लागतं. अमेरिकन सिटकॉम म्हणजे मागे हसण्याची टेप लावलेला पोरखेळ, हिंदी कॉमेडी म्हणजे विचारूच नका, आणि मराठीत काय, "पु.ल. गेले आणि संपलं रे!" मग 'फॉल्टी टॉवर्स', 'येस मिनिस्टर', 'द ऑफिस' (ओरिजिनल हं, ते अमेरिकन नव्हे) अशी नावं निघतात. ड्राय ह्यूमर, अंडरस्टेटमेंट वगैरे शब्द क्रीमरोलसारखे चहात बुडवून खाल्ले जातात.

यात वाईट काहीच नाही. हे सगळं मीही पाहिलंय आणि पोट धरून हसलोय. माझं भांडण आहे ते पुढच्या पाच मिनिटांशी. त्याच टेबलावर लातूर-नांदेडकडचा एखादा नवीन जॉइन झालेला पोरगा असतो. तो काहीतरी बोलतो, आणि टेबल फुटतं. "अरे परत म्हण ना! 'काय करायलास!' कसलं भारी बोलतोस यार तू." तो नेमकं काय म्हणाला, हे मात्र कुणी ऐकलेलंच नसतं.

मी औशाचा. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. आणि बरीच वर्षं ही दोन्ही दृश्यं पाहून माझं ठाम मत झालंय, की हे एकाच रोगाचं लक्षण आहे. ज्याला लंडनचा उच्चार ऐकला की विनोद उच्च वाटतो, त्यालाच लातूरचा उच्चार ऐकला की माणूस विनोदी वाटतो. दोन्ही वेळेला तो उच्चारालाच हसत असतो. एकदा मान वर करून, एकदा खाली करून, इतकाच फरक.

हे जरा नीट मांडायचं तर आधी अमेरिकेला जावं लागेल. एका मुलखाचा विनोद दुसऱ्या मुलखाला का आवडतो, याचं त्याच्याइतकं झणझणीत उदाहरण दुसरं नाही. भाषा एकच, समुद्र मधे, आणि तरी अमेरिकन माणूस ब्रिटिश कॉमेडीचा भक्त!

'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' बीबीसीवर चाललं १९६९ ते १९७४. अमेरिकेत ते पहिल्यांदा लोकांपर्यंत पोचलं १९७४ मध्ये, आणि तेही न्यूयॉर्कच्या बड्या चॅनेलवरून नव्हे, तर टेक्ससमधल्या डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक स्टेशनवरून. म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांचा वात्रटपणा आधी उचलून धरला तो तेलाच्या विहिरी आणि गुरांच्या कळपांच्या मुलखानं. मग देणग्यांवर चालणाऱ्या इतर सार्वजनिक स्टेशनांनी तो घेतला, आणि त्या वाटेनं 'फॉल्टी टॉवर्स', 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?', 'कीपिंग अप अपिअरन्सेस' अशी वरातच तिकडे गेली.

का आवडलं? तुम्ही कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं: "ॲक्सेंट!" ब्रिटिश उच्चार ऐकला की अमेरिकन माणसाला समोरचा आपोआप शिकलेला, सुसंस्कृत वाटतो. हे अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं उत्तर पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त त्रास देतं, हे डीबगिंग करणाऱ्याला सांगायला नको.

'कीपिंग अप अपिअरन्सेस'चंच घ्या. हायसिंथ नावाची बाई. आडनाव 'बकेट', पण तिचा हट्ट असा की लोकांनी ते 'बुके' म्हणावं. बादलीचा गुच्छ करण्याचा हा आटापिटा म्हणजेच ती सगळी मालिका. इंग्लंडमधला प्रेक्षक हसतो तेव्हा बाईंचा कमावलेला उच्चार कुठे घसरतो, मूळ वस्ती कुठे डोकावते, हे त्याला कानानं टिपता येतं. अमेरिकेत बसलेल्याला ते बारकावे बहुतेक वेळा ऐकूच येत नाहीत. तरी तो हसतो. का? कारण फोनवर आवाज बदलून बोलणारी, पाहुणे यायच्या आधी गरीब बहिणीला मागच्या खोलीत कोंबणारी मावशी ओहायोतही असते. (औशातही आहे. नाव सांगत नाही, घरी जायचं असतं मला.) म्हणजे उच्चाराची गंमत अर्धी वाटेत सांडली, आणि तरी विनोद पोचला. पोचला तो माणूस.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. हे कार्यक्रम अमेरिकनांसाठी बनवलेलेच नव्हते. 'येस मिनिस्टर' लिहिणाऱ्यांनी व्हाइटहॉलचे सेक्रेटरी म्हणजे काय, हे टेक्ससच्या माणसाला समजावून सांगितलं नाही. 'फॉल्टी टॉवर्स'नं टॉर्कीचं हॉटेल कुठे आहे याचा नकाशा दिला नाही. त्यांनी आपल्या लोकांसाठी, आपल्या लोकांच्या लाजा आणि खोडी मांडल्या. बाहेरच्यानं दाराआडून ऐकल्यासारखं ऐकलं, आणि न समजलेलं स्वतः जुळवून घेतलं. प्रेक्षकाला कामाला लावलं की त्याला ते स्वतःचं वाटायला लागतं.

याउलट ज्यांनी हा माल 'आपल्या गिऱ्हाइकाला झेपेल असा' करायचा घाट घातला, त्यांची फजिती पाहण्यासारखी आहे. १९७५ मध्ये एबीसीनं पायथनचे तीन भाग एकत्र करून दीड तासाचा कार्यक्रम दाखवला. त्या ९० मिनिटांतली तब्बल २४ मिनिटं कापून! काही जाहिरातींसाठी, काही आक्षेपार्ह वाटलं म्हणून. पायथन मंडळी कोर्टात गेली, आणि १९७६ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. विनोदाची तोडमोड म्हणजे लेखकाच्या नावाची तोडमोड, हे मान्य झालं. 'फॉल्टी टॉवर्स'ची तर आणखीच मजा. त्याची १९८३ ची अमेरिकन आवृत्ती 'अमांडाज'. तिच्यात हॉटेल होतं, किचन होतं, गोंधळ होता, बेसिल फॉल्टी तेवढा नव्हता! म्हणजे 'एकच प्याला' करायचं आणि सुधाकरला काढून टाकायचं. ती मालिका त्याच वर्षी बंद पडली, आणि मूळचे १२ भाग लोक अजून पाहतायत.

मग रूपांतर करूच नये का? करावं की. 'टिल डेथ अस डू पार्ट'वरून १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' झालं आणि अमेरिकन टीव्हीचा चेहरा बदलला. 'द ऑफिस'ची अमेरिकन आवृत्ती २००५ मध्ये आली, पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेबरहुकूम. पण पुढे तिनं स्वतःचा रस्ता धरला, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या मातीत रुजली आणि २०१३ पर्यंत चालली. मूळ ब्रिटिश मालिका सगळी मिळून १४ भागांची, ही २०१ भागांची. कॅन्टीनमधले भक्त काहीही म्हणोत, ते रूपांतर प्रामाणिक होतं, कारण त्यात पूर्ण माणसं होती.

थोडक्यात काय, दुसऱ्या मुलखाचा विनोद आणायचे सरळ रस्ते दोन. एक, आहे तसा अख्खा आणा आणि प्रेक्षकाच्या डोक्यावर विश्वास ठेवा. दोन, आपल्या मातीत मुळापासून नव्यानं लावा. तिसरा रस्ता चोरट्यांचा आहे: वरचं साल आणायचं, आतला माणूस फेकून द्यायचा. आणि आपण मराठवाड्याच्या बाबतीत गेली अनेक वर्षं हा तिसरा रस्ता हायवे समजून वापरतोय.

आता कुणी म्हणेल, ब्रिटिश काय धुतल्या तांदळासारखे आहेत का? मुळीच नाहीत. 'फॉल्टी टॉवर्स'मधला मॅन्युएल, बार्सिलोनाचा वेटर, इंग्रजी येत नाही म्हणून थपडा खातो. हीच मालिका स्पेनमध्ये दाखवायची वेळ आली तेव्हा मॅन्युएलला इटालियन करून टाकलं! ज्याच्या उच्चारावर हसायचं तो आपला नको, शेजारचा चालेल, ही वृत्ती जागतिक आहे. 'माइंड युअर लँग्वेज' (१९७७) तर सगळीच्या सगळी परदेशी लोकांच्या मोडक्या इंग्रजीवर उभी. ती तिकडेच टीकेची धनी झाली आणि बंद केली गेली. आपण मात्र तिच्यातल्या सरदारजीला आणि विणकाम करत बसणाऱ्या जमीलाला डोक्यावर घेतलं, आणि १९९३ मध्ये दूरदर्शनसाठी 'जबान संभालके' करून आपल्याच देशातल्या सगळ्या प्रांतांना एका वर्गात बसवून हसलो. तेव्हा हा दोष ब्रिटिशांचा, अमेरिकनांचा किंवा पुणेकरांचा असा नाही. ज्याच्या हातात माइक असतो, त्याचा आहे.

आणि मराठीत माइक कुणाच्या हातात आहे हे सांगायला हवं का?

'शुद्ध मराठी' म्हणून जी आपण डोक्यावर घेऊन फिरतो, तिला आजचं रूप आलं ते एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. शाळेची क्रमिक पुस्तकं तपासून एका साच्यात बसवणारे, मराठी वाक्यात स्वल्पविराम आणि पूर्णविराम रुळवणारे मेजर कँडी. दोघेही साहेब! मराठी पंडित त्यांच्या हाताशी होते, पण सगळा कारखाना मुंबई इलाख्यातला, पुण्या-मुंबईच्या बोलीवर बेतलेला. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही निजामातून सुटलो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे मॅच सुरू होऊन शंभरेक वर्षं झाल्यावर आम्हाला मैदानात बोलावलं, आणि वर सांगितलं, "तुम्हाला नियम येत नाहीत."

'काय करायलास' हे चुकलेलं 'काय करतो आहेस' नाही. ते व्याकरण आहे, नियमानं चालणारं: 'करायलाव, करायलास, करायलाय'. 'जाऊत', 'करूत', 'बघूत' ही रूपं काढून दाखवा बघू प्रमाण मराठीत एका शब्दात. 'आपण जाऊ या' असे तीन शब्द लागतात. इंजिनिअर मंडळींना तरी यातली काटकसर दिसायला हवी.

टीव्हीवर आम्हाला दोनच दारांनी प्रवेश आहे. एक आपत्तीचं, एक टिंगलीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला (किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं), तेव्हा सगळ्या जगाचे कॅमेरे आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा परत आले. अधल्यामधल्या वर्षांत मराठवाड्याचा माणूस पडद्यावर दिसतो तो विनोदी स्किटमध्ये. टोपी, उपरणं, मोठ्ठा आवाज, 'काय करायलाव', मॉलमधल्या सरकत्या जिन्याला घाबरणं, आणि शेवटी पिझ्झ्याला भाकरी म्हणणं. बास. हे आमचं कॅरेक्टर.

यावर मी एक साधी टेस्ट वापरतो. कुणीही वापरावी, लायसन्स फुकट आहे. मराठवाडी बोलीतला विनोद घ्यायचा आणि तो प्रमाण मराठीत लिहून काढायचा. थोडी चव जाईल, जाऊ द्या. पण विनोद उरला, तर तो विनोद. काहीच उरलं नाही, तर तुम्ही माणसाच्या जिभेला हसत होता.

वरचं मॉलवालं स्किट या टेस्टला लावून पाहा. "मी या सरकत्या जिन्यावर चढू शकत नाही." काय उरलं? शून्य.

आता दुसरं उदाहरण. २०१६ च्या त्याच उन्हाळ्यात लातूरला आत्याच्या गल्लीत टँकरची रांग लागली होती. कळशा, हंडे, प्लास्टिकचे ड्रम, आणि तासन्‌तास उभं राहून वैतागलेली माणसं. रेल्वेचं पाणी आल्याची बातमी कुणीतरी मोठ्यानं सांगितली. एक म्हातारा हंड्यावर बसल्या बसल्या, चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाला, "मिरजंचं पानी हाय म्हनं. पचंल का आपल्याला?"

लावा टेस्ट. "मिरजेचं पाणी आहे म्हणे. पचेल का आपल्याला?" विनोद जागच्या जागी आहे. त्यात घशाची कोरड आहे, सुजलाम्‌ पश्चिम महाराष्ट्राकडे टाकलेला एक तिरपा कटाक्ष आहे, राजकारण आहे, आणि स्वतःच्याच नशिबाची खिल्ली आहे. हे सगळं सहा-सात शब्दांत, आणि बोलणारा हसत नाही. कॅन्टीनमधल्या टेबलाला मी विचारतो, ड्राय ह्यूमर म्हणतात तो याहून वेगळा काय असतो हो? आमच्याकडचा तर अक्षरशः ड्राय. जिल्हाच कोरडा.

आणि अंडरस्टेटमेंट? सर हंफ्रीला एखादं काम कधीही होणार नाही हे सांगायला पल्लेदार वाक्य लागतं, ज्यात सहा 'परंतु' आणि चार 'तथापि' असतात. आमच्या तालुक्याच्या कचेरीत टेबलामागचा माणूस तेच काम दोन शब्दांत करतो: "बघूत की." यात होकार आहे, आदर आहे, आशा आहे, आणि तुमची फाईल मेली आहे. 'येस मिनिस्टर'वरून २००१ मध्ये हिंदीत 'जी मंत्रीजी' आली होती, फारूख शेख त्यात मंत्री होते. छान होती. पण हंफ्री शोधायला लंडनपर्यंत जायची गरज नव्हती, एसटीनं औशापर्यंत आलं तरी भागलं असतं.

आता सरळ रस्त्यांची आपली उदाहरणं. आहेत, आणि म्हणूनच राग येतो. पु.लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केलं. मूळ नाटकाचा विषयच उच्चार आणि वर्ग. लंडनची फुलवाली, तिला साहेबी बोलायला शिकवणारा प्रोफेसर. पु.लं.नी साल आणलं नाही, रोप आणलं. मंजुळा आधी माणूस आहे, मग तिची बोली. आणि त्या नाटकात शेवटी लहान कोण ठरतं? शुद्ध बोलणारा प्रोफेसर. पु.लं.च्या नावानं उसासे टाकणाऱ्यांनी एवढं तरी त्यांच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

दुसरं उदाहरण आमच्या घरचं. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. १९७९ पासून हा एक माणूस रंगमंचावर एकटा उभा राहून पन्नासच्या वर माणसं उभी करायचा, आणि तीही अस्सल मराठवाडी बोलीत. गिनीज बुकात नोंद झाली. पुण्या-मुंबईनं डोक्यावर घेतलं, परदेशातल्या मराठी मंडळींनी घेतलं. २००९ मध्ये ते गेले, पण ते नाटक आजही लोकांच्या तोंडी आहे. ते का चाललं? बोली मजेशीर होती म्हणून? मग आज टीव्हीवर तीच बोली वापरून लोक का कंटाळतात? ते चाललं कारण त्या वऱ्हाडातला प्रत्येक जण कुणाचा तरी काका, कुणाची तरी आत्या होता. भोळा, लबाड, रुसलेला, मोठेपणा मिरवणारा. लंडनला निघालेली माणसं लंडनला पाहून दिपलेली नव्हती, आपल्या मानपानाच्या चिंतेत होती. ते औरंगाबादेत, आपल्या माणसांसाठी घडलं. पुण्यानं दाराआडून ऐकलं. डॅलसनं पायथन ऐकला तसंच.

सत्ता असली की उच्चार कसा विनोदी वाटेनासा होतो, याचंही उदाहरण लातूरचंच आहे. विलासराव देशमुख, बाभळगावचे सरपंच ते राज्याचे मुख्यमंत्री. मिस्कील, चेहरा न बदलता चिमटा काढणारं त्यांचं भाषण ऐकताना लातूरचा हेल कानाला जाणवायचा. पण सभागृह हसायचं ते त्यांच्या टोल्याला. 'परत म्हणा ना तसं' असं कुणी त्यांना सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 'डेरी गर्ल्स' पाहा. २०१८ ते २०२२, ब्रिटनच्या चॅनेल फोरवर. (तिला 'ब्रिटिश कॉमेडी' म्हणायचं का, यावर डेरीत अजून मारामारी होईल, तो भाग वेगळा.) लिसा मॅकगी या बाईंनी स्वतःच्या गावावर, बॉम्ब आणि लष्करी नाक्यांच्या सावलीत वाढलेल्या शाळकरी पोरींवर लिहिलेली. उच्चार असा की लंडनच्या माणसानंही कान टवकारावेत. त्यांनी तो पातळ केला नाही. नेटफ्लिक्सवर अमेरिकन प्रेक्षकांनी सबटायटल लावून पाहिली, आणि १९९८ च्या शांतता कराराच्या मतदानावरचा शेवटचा भाग पाहताना हसता हसता रडले. गावावर आपत्ती आली होती म्हणून गाव विनोदी असू शकत नाही असं नाही, आणि गाव विनोदी आहे म्हणून त्याचं दुःख खोटं असतं असंही नाही. किल्लारीच्या तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: "अरे, विनोद आहे, इतकं काय सीरियस घ्यायचं?" हे वाक्य नेहमी हसणारा म्हणतो, ज्याच्यावर हसलं जातंय तो कधी म्हणत नाही, एवढं एक निरीक्षण नोंदवून पुढे जातो.

दुसरा: "तुमचेच कलाकार ते करतात की." हो, करतात. भाडं त्यांनाही भरावं लागतं. ज्या दुकानात एकच माल खपतो, तिथं तोच विकला जातो. पण त्यांना वाव मिळाला की काय होतं तेही पाहा. २००५ चा 'कायद्याचं बोला' आठवा. 'माय कझिन व्हिनी' या हॉलिवूडपटावर बेतलेला, आणि त्यात मकरंद अनासपुरे यांचा गावरान वकील. सुरुवातीला कोर्ट त्याला हसतं. शेवटी खटला तो जिंकतो, आणि जिंकतो तो डोक्यानं. प्रेक्षक कुठल्या क्षणी त्याला हसायचं थांबून त्याच्याबरोबर हसायला लागतो, तो क्षण शोधा. सगळा फरक त्या एका विभक्तीत आहे.

तिसरा, आणि हा सगळ्यात गोड: "आम्हाला तुमची भाषा खरंच आवडते रे, किती क्यूट आहे." मांजराचं पिल्लू क्यूट असतं. भाषेत माणसं कर्ज मागतात, पोरीचं लग्न ठरवतात, मेलेल्या माणसाजवळ रडतात. तिला क्यूट म्हणणं म्हणजे तिच्याकडून गंभीर काही ऐकायचं नाही हे आधीच ठरवून टाकणं.

आणि इथंच खरं नुकसान आहे. लातूर पॅटर्नची पोरं दरवर्षी मार्कांचे ढीग घेऊन पुण्यात येतात. माझा एक मावसभाऊ असाच आला. औशाच्या किल्ल्याजवळच्या कट्ट्यावर तो बोलायला लागला की म्हातारी माणसंसुद्धा चहा गार होऊ द्यायची. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात तो गप्प झाला. नापास नाही, आजारी नाही, नुसता गप्प. सहा महिन्यांत 'करायलास' गेलं, 'बघूत' गेलं, आणि वर्षभरात तो स्वच्छ, गुळगुळीत, बातम्यांसारखं मराठी बोलायला लागला. लोक म्हणाले, सुधारला. पण त्या भाषेत त्याला विनोद करता येत नाही. परक्या भाषेत कोड रिव्ह्यू करता येतो, इंटरव्ह्यू देता येतो, भांडताही येतं एक वेळ. विनोद ही सगळ्यात शेवटी येणारी आणि सगळ्यात आधी जाणारी गोष्ट. एका कंपनीच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर मी बसलो होतो, तिथं एका नांदेडच्या पोराबद्दल शेरा पडला: "टेक्निकली स्ट्राँग, पर्सनॅलिटी नाही." मी मोठ्यानं विचारलं, ती त्यानं गेटवर जमा करून यायची असा नियमच आपण केलाय ना? उत्तर आलं नाही. पोरगा घेतला गेला, शेरा मात्र तसाच राहिला.

म्हणून माझी मागणी संवेदनशीलतेची वगैरे नाही. आमच्यावर विनोद करू नका, असंही मी म्हणत नाही. खुशाल करा, आम्हीच तुमच्या आधी आमच्यावर करतो. मागणी साधी आहे: जेवढे कष्ट तुम्ही 'येस मिनिस्टर'साठी घेता, तेवढे घ्या. तिथं वाक्य कळलं नाही तर तुम्ही मागे नेऊन परत ऐकता, सबटायटल लावता, व्हाइटहॉल म्हणजे काय ते शोधता. इथं औसा एका रात्रीच्या बसवर आहे, भाषा तुमच्या आईची आहे, सबटायटलही लागत नाही. समोरचा 'करायलास' म्हणाला की तिथंच हसू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. विनोद बहुतेक पुढच्या अर्ध्यात असतो.

चॅनेलवाल्यांनाही एवढंच सांगणं. मराठवाड्याचं पात्र हवंय ना, मग मराठवाड्याच्या माणसाला लिहायला बसवा, नुसतं बोलायला उभं करू नका. आणि ते पुण्याला समजेल का याची काळजी सोडा. डॅलसला लंडन समजलं.

यावर तुमचं उत्तर "बघूत की" असं असेल, तर त्याचा अर्थ मला चांगला कळतो.